वरच्या डोंगरावर तोड झाली तर खालच्या पाण्याला काय होतं, हे गावानं स्वतः कसं मोजायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुळशी खोऱ्यातलं गाव, डोक्यावर डोंगर, डोंगरात मालकी जंगल आणि त्याला लागून वनखात्याची हद्द. पावसाळा संपला की मालकीच्या पट्ट्यात ठेकेदार तोड घालणार आहे, आणि खात्याच्या बाजूला चर खणून रोपं लावायचं चाललंय. गावाचं पिण्याचं पाणी खालच्या झऱ्यावर आणि ओढ्यावर. गाव म्हणतं पाणी जाणार, ठेकेदार म्हणतो पुरावा दाखवा. मग गावानं काय मोजायचं, कशानं मोजायचं, आणि मोजलं तरी ऐकणार कोण?

मी राहायला कोथरूडला, पण गेली वीसेक वर्षं मुळशी, वेल्हे, भोर या पट्ट्यात झरे आणि ओढे मोजत फिरतोय, त्यामुळे पुस्तकी कमी आणि हात पोळलेलं जास्त सांगतो. लांब होईल, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी दुसरा ओढा शोधा. हो, तुमचा नाही, दुसरा. ज्याच्या वर तोड होणार नाही, चर खणणार नाहीत, आणि बाकी जमेल तितका तुमच्यासारखाच असेल, म्हणजे त्याच डोंगराच्या त्याच अंगाला, साधारण तेवढंच पाणलोट (ज्या उतारावरचं पाणी त्या ओढ्यात येतं तो भाग), तेवढीच उंची, पाऊस तोच. आम्ही त्याला जोडीचा ओढा म्हणतो. हा नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया, आणि हे मी अनुभवानं सांगतोय. पहिल्यांदा एका गावात असंच काम केलं तेव्हा दीड वर्ष एकाच ओढ्यावर वही भरली, दर रविवारी, न चुकता. तोड झाली, पुढच्या उन्हाळ्यात ओढा महिनाभर आधी आटला, आम्ही वही घेऊन एका साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे पानं चाळली आणि विचारलं की यंदा परतीचा पाऊसच झाला नाही, मग ओढा पावसामुळे आटला का तोडीमुळे, हे तुम्ही वेगळं कसं काढलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. राग आला पण माणूस बरोबर होता. शेजारच्या ओढ्यावरही तशीच वही असती आणि तो नेहमीसारखा वाहिला असता, तर तोच प्रश्न आम्ही त्यांना विचारला असता.

ही काही माझी अक्कल नाही, जगभर असंच करतात. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे निलगिरीतलं. ऊटीजवळ ग्लेनमॉर्गनला शेजारशेजारचे दोन छोटे पाणलोट घेतले, आधी काही वर्षं दोन्हीचं पाणी नुसतं मोजलं, मग १९७२ साली त्यातल्या एकाच्या जवळजवळ ६० टक्के भागात निलगिरीची झाडं लावली आणि दुसरा तसाच ठेवला, म्हणजे गवत आणि शोला, तिथलं दऱ्याखोऱ्यांतलं ठेंगणं सदाहरित जंगल. पुढच्या दहा वर्षांत लागवडीच्या ओढ्याचं पाणी सरासरी १६ टक्क्यांनी कमी भरलं. हो, झाडं लावून पाणी कमी झालं! आता इथे अर्धे लोक उठून जातात, कारण आपल्याला शाळेपासून झाडं लावा पाणी वाढवा असंच शिकवलंय.

उलटंही होतं. अमेरिकेत हबर्ड ब्रुक म्हणून एक प्रयोगाचं जंगल आहे, तिथे १९६५-६६ च्या हिवाळ्यात एका पाणलोटातली झाडून सगळी झाडं पाडली आणि पुढे तीन वर्षं औषध मारून काही उगवूच दिलं नाही. पहिल्या वर्षी ओढ्याचं पाणी जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढलं. यात जादू काही नाही, झाड पाणी पितं आणि पानांवर अडलेला पाऊस परस्पर वाफ होऊन जातो, झाडच गेलं की ते पाणी ओढ्यात येतं. हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो कारण तोडीनंतरच्या पहिल्या वर्षी तुमचा ओढाही कदाचित जास्त वाहील आणि ठेकेदार चावडीवर येऊन म्हणेल, बघा, वाढलं की पाणी, उगाच बोंबलत होता. तेव्हा गाव गोंधळून गप्प बसतं, हे मी दोनदा पाहिलंय. म्हणून "पाणी कमी होईल" अशी पैज आधीच लावू नका. "काय होतंय ते आम्ही बघतोय" एवढंच म्हणा.

मग नुकसान होतं ते कुठे? आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने जमिनीत मुरलेल्या पाण्यावर काढायचे असतात. म्हणजे वर्षाचं एकूण पाणी किती हा आपला प्रश्नच नाही, मार्च ते मे मध्ये किती हा आहे. आणि ते ठरतं मातीवर. झाडाखालची माती पालापाचोळ्यानं, मुळांनी, किड्यामुंग्यांनी भुसभुशीत असते, पाऊस पिते ती. तोडीनंतर खुंट जागेवर राहिले, फुटवे आले, ढोरं आत सोडली नाहीत, वणवा लागला नाही, तर ती माती टिकते आणि चार-सहा वर्षांत रान परत उभं राहतं, ऐन, किंजळ, जांभूळ चांगले फुटतात. पण तोडीबरोबर जेसीबी आला, ट्रक वर नेण्यासाठी डोंगर आडवा कापून रस्ता काढला, ओंडके ओढत खाली आणले, उरलेला झाडोरा पेटवला, तर माती दाबली जाते आणि पाऊस मुरायच्या ऐवजी त्या रस्त्यावरून नळातून यावा तसा खाली येतो. गाळाचं म्हणाल तर जंगलतोडीच्या कामात सगळ्यात जास्त गाळ रस्त्यांवरून येतो, खुंटांमधून नाही, आणि हे जगात सगळीकडे दिसलेलं आहे. तेव्हा झाडं किती पडली हे मोजा, पण रस्ता किती मीटर काढला, तो ओढा कुठे ओलांडतो आणि तिथे मोरी टाकली का नुसता भराव टाकला, हे आधी मोजा. मोबाईलवर चालत जाऊन ट्रॅक काढता येतो, एका दुपारचं काम आहे.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. १९८२ साली बॉश आणि ह्यूलेट या दोघांनी जगभरच्या ९४ पाणलोट प्रयोगांचा आढावा घेतला होता, त्यातनं असं निघालं की पाणलोटाच्या साधारण २० टक्क्यांपेक्षा कमी झाडोरा गेला तर ओढ्याच्या पाण्यातला फरक मोजून सापडतच नाही. म्हणून मोठ्या ओढ्यावर, गावाच्या पुलापाशी मोजायला बसू नका, तिथे दहा ओहोळांचं पाणी एकत्र झालेलं असतं. वर जा. ज्या ओहोळाच्या पाणलोटाचा निम्मा तरी भाग तोडीत जाणार आहे तिथे बसा. लोकांना वर चढायचा कंटाळा येतो, तो येणारच, म्हणून जागा निवडताना रोज गुरं घेऊन वर कोण जातं ते बघा आणि त्याच्याच हातात काम द्या.

आता झरा. झऱ्याचं गणित वेगळंय आणि इथे भले भले फसतात. आपला इकडचा सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थर एकावर एक, कठीण काळा पाषाण, त्यावर सच्छिद्र मांजऱ्या दगड, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा. पाणी मांजऱ्यात आणि भेगांत मुरतं, खालच्या घट्ट थरावर अडतं आणि जिथे तो थर डोंगराच्या कडेला उघडा पडतो तिथे झरा म्हणून बाहेर येतं. म्हणजे तुमच्या झऱ्याचं पाणी तुमच्या डोक्यावरच्या उतारावरच पडलेलं असेल असं नाही, ते पलीकडच्या पठारावरचंही असू शकतं. एका गावात आम्ही वर्षभर चुकीच्या डोंगराकडे डोळे लावून बसलो होतो, आणि झऱ्याचं पाणी येत होतं मागच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून! पुण्यातल्या अॅक्वाडॅम या भूजलावर काम करणाऱ्या संस्थेची मंडळी हेच वर्षानुवर्षं सांगत आलीत, की आधी झऱ्याखालचा दगड समजून घ्या, मग वर काय करायचं ते ठरवा. शक्य असेल तर एखादा भूजलवाला माणूस एक दिवस डोंगरावर फिरवून आणा, तो एक दिवस पुढची दोन वर्षं वाचवतो.

तोपर्यंत घरच्या घरी करायची एक युक्ती. पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार किती, ते मोजायचं पेनासारखं यंत्र ऑनलाईन काही शे रुपयांत मिळतं, फिल्टर विकणारे घरी येऊन दाखवतात तेच. दर आठवड्याला झऱ्याचा आणि ओढ्याचा आकडा लिहा. मोठा पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवसांत झऱ्याचा आकडा एकदम खाली आला तर पाणी जवळचंच, वरवरचं आहे, ताजा पाऊस त्यात मिसळतोय, आणि अशा झऱ्याला वरच्या तोडीचा फटका लवकर बसेल. आकडा पावसाळाभर हललाच नाही तर पाणी लांबून, खोलातून येतंय. हे काही पक्कं शास्त्र नाही, पण दिशा कळते.

झरा मोजायला यंत्र लागतच नाही. बायका रोज हंडे भरतात ना, तेच मोजा. हंड्यात किती लिटर मावतं ते एकदा बाटलीनं ओतून बघा, मग धारेखाली धरा आणि मोबाईलवर वेळ लावा, तीनदा करा आणि सरासरी लिहा. धरा १० लिटर भरायला ४० सेकंद लागले, तर मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. नळपाणी योजनेत माणशी ५५ लिटर धरतात त्या हिशोबानं हे जवळपास ३९० माणसांचं पाणी झालं, आणि हा आकडा ग्रामसभेत बोलून दाखवला की एरवी पेंगणारेही मान वर करतात. आमच्या एका गावात आजी होत्या, त्यांना घड्याळ कळत नव्हतं, त्या हंडा भरेपर्यंत रामाचं नाव मोजायच्या. त्यांचे आकडे शाळेतल्या मास्तरांच्या आकड्यांपेक्षा जास्त एकसारखे यायचे, खोटं नाही सांगत.

ओढ्यासाठी व्ही नॉच लावा. म्हणजे जाड पत्र्याची किंवा प्लायची फळी, तिला वरून काटकोनात व्ही आकाराची खाच, सुताराच्या गुण्यानं आखून घ्या, काटकोन चुकला तर सगळे आकडे चुकतात. फळी ओढ्यात आडवी रोवायची, बाजूनं आणि खालून चिकणमाती आणि प्लास्टिकचा कागद दाबून पाणी फक्त खाचेतूनच जाईल असं करायचं. मग खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची, पण खाचेतच मोजू नका, तिथे पाणी वाकतं, मागे हातभर अंतरावर एक खुंटी ठोकून तिथे मोजपट्टी लावा आणि पट्टीचा शून्य खाचेच्या टोकाच्या पातळीला जुळवा, लेव्हल ट्यूबनं, गवंड्याकडे असते. उंची ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण पाऊण लिटर, १० असेल तर ४.४ लिटर, १५ असेल तर १२ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पट होतं, म्हणून अर्ध्या सेंटिमीटरला आळस करू नका. आणि जुलैत फळी लावायच्या भानगडीत पडू नका, पहिल्या पुरात ती धरणात जाऊन पोचते. दिवाळीच्या सुमारास पाणी निवळलं की लावायची, जूनच्या आधी काढून घरी ठेवायची. पावसाळ्यात नुसती दगडावर रंगानं पट्टी मारून पाण्याची पातळी लिहा, तेवढं पुरे.

पाऊस मात्र गावातच मोजा, शिवाजीनगर वेधशाळेचा आकडा इंटरनेटवरून उचलू नका, पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो आणि तुमच्या बाजूला ताम्हिणीकडे हजारांत पडतो. पुण्यातल्या बोहरी आळीतून २० सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं आणि १० लिटरचा कॅन आणा, कॅन लहान घेऊ नका, घाटमाथ्यावर एका दिवसात २०० मिलिमीटर सहज पडतो आणि तेवढ्याला सव्वासहा लिटर पाणी साठतं. अशा नरसाळ्याला ३१.४ मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. मोजायचं सकाळी साडेआठला, हवामान खात्याची वेळ तीच आहे, म्हणजे उद्या कोणी ताडून बघितलं तर जुळतं. झाडाखाली, पागोळीखाली कॅन ठेवलेला मी पाहिलाय, म्हणून सांगतो, उघड्यावर ठेवा.

गाळासाठी मीटरभर लांबीची पारदर्शक नळी घ्या, एका तोंडाला बूच, बुचावर आतून काळा-पांढरा ठिपका रंगवलेला. नळीत पाणी भरायचं आणि वरून बघत हळूहळू कमी करायचं, ठिपका दिसायला लागला की पाण्याची उंची लिहायची. उंची जितकी कमी तितकं पाणी गढूळ. पण वेळ महत्त्वाची. गाळ शांत दिवशी सापडत नाही, जोराचा पाऊस पडायला लागल्यापासून पहिल्या तास-दोन तासात सापडतो. त्यामुळे रविवारची वाट बघून चालत नाही, पाऊस आला की दोन पोरं दोन ओढ्यांवर एकाच वेळी पळाली पाहिजेत. वर्षाकाठी असे सात-आठ पाऊस पकडले तरी खूप झालं. वीज कडाडत असेल तर घरी बसा, आकडा परत मिळेल.

पोरांना आणखी एक काम आवडतं ते म्हणजे दगड उलटायचं. वाहत्या पाण्यातला दगड उचलून खालून बघा. शेपटीला तीन केस असलेल्या चपट्या अळ्या, वाळूचे कण चिकटवून नळीसारखं घर केलेल्या अळ्या, या स्वच्छ, थंड, हवा असलेल्या पाण्यात असतात. गाळानं दगडांमधल्या फटी बुजल्या की आधी या जातात. लालभडक गांडुळासारख्या अळ्याच उरल्या तर समजा पाण्याचं काही खरं नाही, तशा बघायच्या असतील तर पुण्यात मुठेच्या काठाला या. दक्षिण आफ्रिकेत गावकरी आणि शाळेतली मुलं याच पद्धतीनं नद्यांना गुण देतात. ओघानं सांगतो, तोच देश असा की तिथल्या १९९८ च्या पाणी कायद्यात व्यापारी वृक्षलागवड ही ओढ्याचं पाणी कमी करणारी गोष्ट म्हणून नोंदली आहे आणि त्यासाठी परवाना लागतो.

जुन्या माणसांची आठवण पण लिहून घ्या, पण जपून. "पूर्वी ओढा होळीपर्यंत वाहायचा" हे प्रत्येक गावात ऐकू येतं. अहो, पण होळी कधीची? २०२३ ला होळी ६ मार्चला होती, २०२४ ला २४ मार्चला. अठरा दिवसांचा फरक, आणि आटायच्या काळात अठरा दिवस म्हणजे फार झाले. म्हणून ओढा कधी तुटला, डबकी कधी उरली, डबकीही कधी सुकली, या तीन तारखा इंग्रजी कॅलेंडरनं दोन्ही ओढ्यांच्या लिहा. बाकी काहीच नाही जमलं तरी एवढं करा. पाच वर्षांनी या तीन तारखांइतकं कामाचं दुसरं काही नसतं.

वहीबद्दल थोडं. वही एकच, पानांना नंबर, शाईचं पेन, खाडाखोड केली तर शेजारी सही. ज्या दिवशी मोजलं नाही त्या दिवशी रकाना कोरा सोडायचा, हे पोरांच्या डोक्यात पक्कं बसवा. एका गावात पोरानं परीक्षेच्या आठवड्यात मागाहून घरी बसून आकडे भरले, सगळे १२, १२, १२. पुढे कुणाच्या तरी नजरेला आलं आणि खरे आकडेही संशयात गेले. दर महिन्याला पानाचे फोटो काढून ग्रुपवर टाका, म्हणजे आकडे तेव्हाचेच आहेत हे आपोआप सिद्ध होतं. जोडीला ठरलेल्या एकाच दगडावर उभं राहून ओढ्याचा एक फोटो.

ऐकणार कोण, हा तुमचा शेवटचा प्रश्न. थेट कोर्टात वगैरे जायची भाषा सुरुवातीला नको. तोडीची परवानगी, किती झाडं, कुठला गट नंबर, हे माहितीच्या अधिकारात मागवा आणि नकाशावर तुमच्या ओहोळाशी ताडून बघा. ग्रामसभेत ठराव करून घ्या की गाव पाणी मोजतंय आणि दर सहा महिन्यांनी आकडे सभेपुढे येतील, कारण ठरावानंतर ती वही चार पोरांची राहत नाही, गावाची होते. पंचायतीची जैवविविधता समिती असते, बहुतेक ठिकाणी कागदावरच, तिच्या नोंदवहीत तुमचे झरे आणि पाणवठे चढवून घ्या. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेला असेल तर गावाच्या समितीचा शब्द आणखी जड होतो. आणि रेंजरला, गार्डला सुरुवातीपासून बोलवा, नॉच लावताना त्यांनाही चिखलात उतरवा. चर खणायच्या आधी बोललात तर चर ओहोळाच्या तोंडापासून लांब ठेवणं, उभ्या उतारावर न खणणं, एकच जात सलग न लावणं, हे बदल ते करूही शकतात. खणून झाल्यावर कोणीच बुजवायला येत नाही.

ठेकेदाराशीही तसंच. तोड थांबणार नसेल तरी ओहोळाच्या दोन्ही अंगाला झाडोऱ्याचा पट्टा सोडायचा, रस्ता पाण्यातून न्यायचा नाही, झाडोरा पेटवायचा नाही, ढोरं दोन पावसाळे आत सोडायची नाहीत, एवढं मालकाकडून लिहून घ्या. आम्ही दोन ठिकाणी हे करवून घेतलं, एका ठिकाणी पाळलं, एका ठिकाणी नाही, आणि नाही पाळलं हे आम्हाला नळीतल्या ठिपक्यानं सांगितलं.

तुमच्याकडे तोडीआधी एकच पावसाळा आहे, खरं तर दोन-तीन हवेत, पण शून्यापेक्षा एक बरा. तेव्हा या रविवारी दोघं-तिघं वर जा, जोडीचा ओढा ठरवा, दोन्हीकडे दगडावर पट्टी मारा आणि कॅन ठेवायला उघडी जागा बघून या. नॉचची फळी दिवाळीत मी घेऊन येतो, माझ्याकडे दोन पडून आहेत.